एचओ लेआउटवर काळ्या दगडाचे, कौलारू स्टेशन कसे बांधावे

प्रश्न थोडक्यात असा: एचओ लेआउटसाठी, म्हणजे १:८७ मापाच्या मॉडेल रेल्वेच्या मांडणीसाठी, मध्य रेल्वेच्या जुन्या, जीआयपीच्या (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, मध्य रेल्वेची पूर्वज कंपनी) काळातल्या लहान स्टेशनची इमारत हवी आहे. काळा दगड, कमानीची दारे, मंगलोरी कौले. तयार किट मिळतात ती सगळी युरोपातली, म्हणून स्वतःच बांधायची आहे. जागा बेताची आहे. आधी पुठ्ठ्याचे एक घर करून पाहिले, ते पावसाळ्यात वाकले. मापे कशी घ्यावीत, साहित्य कोणते वापरावे, दगड आणि कौले कशी दाखवावीत, आणि लेझर कटिंग करून घेतले तर चालेल का?

उत्तर:

पहिल्यांदा जागेचे बोलू, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. जागा कमी पडली की बहुतेक जण इमारत सगळीकडून थोडी थोडी आखडती घेतात. दार जरा अरुंद, भिंत जरा ठेंगणी, खिडक्या जरा जवळजवळ. मग काम कितीही सुबक झाले तरी ती इमारत खेळण्यातली वाटते. आपल्याकडे घर खणांत, म्हणजे दोन खांबांमधल्या गाळ्यांत मोजतात, तीच रीत इथे धरा. खऱ्या स्टेशनला सात खण असतील तर तुम्ही पाच करा, चार करा, पण जो खण कराल तो पुऱ्या मापाचा करा. प्लॅटफॉर्मवर माणूस उभा असतो आणि त्याच्या शेजारी दार असते. बघणाऱ्याची नजर त्या दोघांचा मेळ आधी तपासते. स्टेशनला किती दारे होती हे कोणी मोजत नाही, पण माणूस त्या दारातून आत जाईल की नाही हे लहान मुलालाही क्षणात कळते.

एचओ म्हणजे १:८७, म्हणजेच फुटाला साडेतीन मिलिमीटर. जीआयपीच्या इमारती फूट-इंचात बांधल्या आहेत, म्हणून तुम्हीही फुटातच मोजा आणि साडेतीनने गुणा. साडेपाच फुटांचा माणूस १९ मिमीचा होतो. ४ फूट रुंद, ८ फूट उंच कमानीचे दार १४ गुणिले २८ मिमीचे. ६० फूट लांब आणि २० फूट रुंद इमारत २१० गुणिले ७० मिमी. यातले माणसाचे माप पाठच करून ठेवा, कारण आर्किटेक्चरच्या मुलांचे सामान विकणाऱ्या दुकानांत प्लास्टिकची जी छोटी माणसे मिळतात ती सहसा १:७५ किंवा १:१०० ची असतात. १:७५ ची माणसे तुमच्या दारापाशी राक्षसासारखी दिसतील. १:१०० ची मागच्या रस्त्यावर, नजरेपासून लांब खपून जातात.

रुळांच्या बाबतीत एक तडजोड आधीच झालेली आहे. आपली ब्रॉडगेज १६७६ मिमीची, ती एचओत १९.२ मिमी यायला हवी, पण तुमचा रूळ १६.५ मिमीचा आहे. म्हणून इमारतही त्या प्रमाणात बारीक करावी का, असे बरेच जण विचारतात. करू नये. रूळ थोडा अरुंद असल्याचे डबे उभे राहिल्यावर फारसे जाणवत नाही. डबे, माणसे आणि इमारत १:८७ ला धरून असली की पुरे. (बार्शी लाइट रेल्वेची आवड असलेल्यांना मात्र इथे नशिबाची साथ आहे. तिचा ७६२ मिमीचा गेज एचओत पावणेनऊ मिमी येतो, म्हणजे एन गेजचा (एचओहून लहान मॉडेलचा) ९ मिमी रूळ जवळजवळ तंतोतंत बसतो. माथेरानच्या ६१० मिमीला तोच रूळ बराच रुंद पडतो.)

आता मापे घेण्याविषयी. स्टेशनवर प्लॅटफॉर्म तिकीट काढून जा, स्टेशनमास्तरांना भेटून काय करायचे आहे ते सांगा आणि परवानगी घेऊनच फोटो काढा. रुळांवर उतरायचे नाही. भिंतीवर चढायची किंवा शिडी लावायची गरजच नसते, कारण दगडी इमारत स्वतःच मोजपट्टी असते. हात पोचेल तिथला दगडाचा एक थर, दरजेसकट (दोन दगडांमधल्या सांध्यासकट), टेपने मोजा. मग वळचणीपर्यंत थर मोजत जा. थर ९ इंचांचा निघाला आणि जोत्यापासून वळचणीपर्यंत १६ थर भरले तर भिंत १२ फुटांची, म्हणजे तुमच्याकडे ४२ मिमीची. कमानीची उंची, खिडकीचा उंबरठा, खांबाचे डोके, सगळे असेच थरांत टिपून घ्या: ‘खिडकी चौथ्या थरावर सुरू, कमान तेराव्याला संपते.’ पुढे भिंतीवर रेघा मारताना हीच टिपणे इंचांपेक्षा जास्त कामाला येतात. लांबीसाठी एक खण टेपने मोजायचा आणि बाकीचे खण मोजून गुणायचे. इमारतीची एकूण लांबी-रुंदी उपग्रहाच्या नकाशावरच्या अंतर मोजायच्या सोयीने पडताळून पाहता येते. फक्त तिथे दिसते ते छप्पर, भिंत नव्हे, म्हणून दोन्ही बाजूंची वळचण वजा करायला विसरू नका.

फोटो भिंतीच्या अगदी समोर उभे राहून काढा, आणि चौकटीत एक मीटरची दोन रंगांत रंगवलेली काठी भिंतीला टेकवून ठेवा. कोपऱ्यातून काढलेले सुंदर फोटो वातावरण समजायला चांगले, पण मापाला निरुपयोगी. ज्यांचे फोटो हमखास राहून जातात त्या जागा म्हणजे मागची बाजू, छपराच्या टोकाच्या त्रिकोणी भिंती, पावसाच्या पाण्याचे पाइप कुठून उतरतात ती ठिकाणे आणि भिंत प्लॅटफॉर्मला मिळते ती रेघ. तेवढे आठवणीने काढा.

साल ठरवल्याशिवाय सुरुवात करू नका. खंडाळा ते पुणे गाडी १८५८ साली सुरू झाली तेव्हा मंगलोरी कौल बाजारात नव्हतेच. बासेल मिशनचा मंगळूरचा कौलांचा कारखाना १८६५ चा. म्हणजे त्या मार्गावरच्या अगदी पहिल्या इमारतीवर तुम्ही मंगलोरी कौले घातलीत तर तुम्ही मूळची नव्हे, नंतर डागडुजी झालेली इमारत दाखवत आहात. त्यात चूक काहीच नाही, फक्त मग बाकीचेही त्याच काळातले हवे. सत्तरच्या दशकातले स्टेशन करायचे तर पत्र्याची प्लॅटफॉर्म शेड आणि आगीच्या लाल बादल्या. आजचे करायचे तर दगडावर चढवलेला ऑइलपेंट, सीसीटीव्ही, डिजिटल घड्याळ, टाइल्स लावलेले बाकडे. माझे मत विचाराल तर उघडा दगड दिसणारा काळ निवडा, कारण इतका सुंदर काळा दगड रंगाखाली झाकण्यासाठी कोरायचा हे जिवावर येते.

मापे हातात आली की लगेच चांगल्या साहित्याला हात लावू नका. चारही बाजू साध्या कागदावर १:८७ ला काढा किंवा छापा, खोक्याच्या पुठ्ठ्यावर चिकटवून कच्ची इमारत उभी करा आणि लेआउटवर जागेवर ठेवून द्या. आठवडाभर राहू द्या. गाड्या फिरवा, बसून बघा, उभे राहून बघा. छप्पर मागच्या डोंगराला झाकते का, रूळ बदलताना हात अडखळतो का, चारऐवजी पाच खण बसतात का, हे सगळे तेव्हाच कळते आणि तेव्हा बदलायला काही लागत नाही.

प्लॅटफॉर्मची कड याच वेळी तपासा. आपल्याकडचा उंच प्लॅटफॉर्म रुळाच्या माथ्यापासून ७६० ते ८४० मिमी असतो, म्हणजे एचओत पावणेनऊ ते साडेनऊ मिमी. कड रुळाच्या मध्यापासून खऱ्या मापाने १९ मिमीच्या थोडी पुढे येते, आणि आयसीएफ डब्याची (चेन्नईच्या कारखान्यातल्या नेहमीच्या प्रवासी डब्याची) अर्धी रुंदी साडेअठरा मिमीच्या वर जाते. सरळ रुळावर हे जमते. मॉडेलची वळणे खऱ्याहून फार तीव्र असतात, त्यामुळे वळणावरच्या प्लॅटफॉर्मला कड मागे घ्यावीच लागते. तुमचा सगळ्यात लांब डबा हाताने ढकलत नेऊन पेन्सिलने खूण करा आणि ती खूण माना.

आता साहित्य. तुमचे पुठ्ठ्याचे घर वाकले याचे कारण बहुधा एकाच बाजूला रंग आणि फेव्हिकॉल लागला आणि दुसरी बाजू उघडी राहिली. उघडी बाजू जुलैतली दमट हवा पिते आणि फुगते, रंगवलेली बाजू फुगत नाही, आणि भिंत धनुष्य होते. पुठ्ठा किंवा माउंटबोर्ड वापरायचाच तर कापल्यावर दोन्ही बाजूंना आणि कडांनाही लाखेचे किंवा लॅकरचे पातळ हात द्या, आणि आतून दर दोन-तीन इंचांवर आडव्या-उभ्या पट्ट्या लावा. पण दगडी इमारतीसाठी मी पुठ्ठ्याकडे जाणारच नाही. सनबोर्ड घ्या, म्हणजे पीव्हीसीचा फोम असलेला तो पांढरा बोर्ड. पाटी रंगवणाऱ्यांकडे, फ्लेक्स छापणाऱ्यांकडे, पुण्यात अप्पा बळवंत चौकात आणि मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर सहज मिळतो. तो पाणी पीत नाही, कटरने लोण्यासारखा कापला जातो, आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे त्यावर टोकाने दाबले की खळगा तसाच राहतो. घेताना नखाने दाबून बघा. दोन कागदांमध्ये थर्माकोल असलेला फोमबोर्ड वेगळा, तो नको.

जाडी ५ मिमी घ्या. दीड फुटाची दगडी भिंत एचओत सव्वापाच मिमी येते, म्हणजे बोर्ड जवळजवळ खऱ्या जाडीचाच झाला. दगडी इमारत दगडी दिसते ती तिच्या भिंतीच्या जाडीमुळे. खिडकीची लाकडी चौकट भिंतीच्या तोंडाशी नसते, फूटभर आत असते, आणि त्या कोनाड्यात सावली पडते. युरोपातल्या किटमध्ये भिंत दीड-दोन मिमीची असते, खिडकी मागून चिकटवली की ती जवळजवळ भिंतीच्या तोंडाशीच येते, आणि वर कितीही दगड रंगवले तरी ती भिंत पत्र्याचीच वाटते. तुमची चौकट बाहेरच्या तोंडापासून साडेतीन मिमी आत ठेवा. एवढ्या एका गोष्टीने निम्मे काम होते.

भिंती कापताना कोपऱ्याला दोन्ही कडा ४५ अंशांत तिरप्या कापा, नाहीतर कोपऱ्यावर बोर्डाची कड दिसेल. चारही भिंती एका ओळीत शेजारी शेजारी ठेवून थरांच्या आडव्या रेघा एकदमच मारा. दगडाचा थर कोपरा वळून पुढच्या भिंतीवर त्याच उंचीला जातो, आणि तिथे अर्धा मिलिमीटर जरी चुकला तरी डोळा तिथेच जातो. खोका सायनोॲक्रिलेटने, म्हणजे फेव्हिक्विकसारख्या गोंदाने जोडा, गुण्या लावून. खिडकी उघडी ठेवून काम करा.

दगड कोरण्याची पद्धत जरा सविस्तर सांगतो. बोर्डाला वरून एक गुळगुळीत कातडी असते, तिच्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवा म्हणजे टोक घसरत नाही आणि रंगही धरतो. ही धूळ नाकात जाऊ देऊ नका, मास्क लावा. आडव्या रेघा आधी पेन्सिलने, मग कंपासपेटीतल्या कर्कटकाने. टोक अगदी तीक्ष्ण असेल तर बोर्ड फाटतो, म्हणून पॉलिश पेपरवर घासून किंचित बोथट करा. अर्ध्या इंचाची दरज या मापात दीड दशांश मिलिमीटरच येते, म्हणजे हाताने जितकी बारीक रेघ मारता येईल तितकी मारली तरी ती थोडी जाडच असणार आहे. जोर लावू नका. पट्टी ठेवून एकच हलका हात, मग पट्टी काढून त्याच रेघेवरून मोकळ्या हाताने दुसरा, म्हणजे रेघ किंचित जिवंत होते.

उभ्या रेघा मोकळ्या हातानेच. एका थरातली उभी दरज खालच्या थरातल्या दरजेवर येता कामा नये. गवंडी हे कटाक्षाने पाळतो आणि आपणही पाळायचे. दगडाची लांबी उंचीच्या सव्वापट ते अडीचपट, पण लांब-आखूड असा ठरावीक क्रम लागू देऊ नका. कोपऱ्याचे घडीव दगड वेगळे: ते मोठे, कडा सरळ, आणि एका थरात लांब बाजू या भिंतीवर तर पुढच्या थरात त्या भिंतीवर. कमानीचे पाचरीसारखे दगड बोर्डावर कोरत बसण्यापेक्षा अर्ध्या मिमीच्या स्टायरीनमधून (पातळ प्लास्टिकच्या पत्र्यातून) किंवा कार्डमधून कमानीची पट्टी कापून वर चिकटवा आणि तिच्यावर सांधे मारा. कमान भिंतीपासून किंचित पुढे आली की खरी वाटते.

रेघा झाल्यावर पोत. जीआयपीच्या बऱ्याच भिंतींत दगडाचे तोंड टाकीने, म्हणजे छिन्नीने, खडबडीत ठेवलेले असते. ॲल्युमिनियम फॉइलचा घट्ट चुरगाळलेला गोळा भिंतीवर दाबत फिरवा, दर वेळी गोळा वळवत, नाहीतर एकच नक्षी पुन्हा पुन्हा उमटते. त्याहून चांगला परिणाम रस्त्यावरच्या ताज्या फुटलेल्या खडीच्या तुकड्याने मिळतो, कारण तो त्याच दगडाचा पोत आहे. शेवटी रिफिल संपलेल्या बॉलपेनाने इथे तिथे दहा-वीस दगड बाकीच्यांपेक्षा किंचित आत दाबा. कोपऱ्याच्या घडीव दगडांना मात्र पोत देऊ नका, ते शांतच राहू द्या.

रंगाला काळ्याची बाटली उघडू नका. सह्याद्रीचा बेसाल्ट आपण काळा दगड म्हणतो, पण कोरड्या उन्हात तो राखाडी दिसतो, थोडी निळी झाक, थोडी तपकिरी. शिवाय इतक्या लहान वस्तूवर शुद्ध काळा रंग भोकासारखा दिसतो, सगळे कोरलेले त्यात बुडते. गडद राखाडी ॲक्रिलिक, त्यात थोडे बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि निळ्याचा थेंब, हा पहिला हात. वाळल्यावर बारीक ब्रशने काही दगड वेगळे रंगवा: काही फिके, काही गंजट, एखादा हिरवट. सगळ्यांत मिळून चार छटा पुरेत. मग दरजा. पांढऱ्या वॉल पुट्टीची कोरडी भुकटी, तीत चिमूटभर मातकट रंग, भिंतीवर बोटाने चोळा आणि ओलसर कापडाने तोंडावरून आडवी पुसून घ्या. भुकटी रेघांत राहते, दगडावरून जाते. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशवर फिका राखाडी घेऊन दगडांच्या उंचवट्यांवरून हलकेच फिरवा, आणि मॅट वार्निश. पोस्टर कलर वापरू नका, वार्निश लावताना तो पाण्याबरोबर सुटतो.

खिडक्यांवर फार वेळ घालवू नका. चौकटी आणि झडपा पाव किंवा अर्ध्या मिमीच्या स्टायरीनच्या पट्ट्यांच्या, काचेला ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिकचा कागद). गज मात्र खरे करा: साध्या मल्टिस्ट्रँड वायरीतली तांब्याची एक तार साधारण ०.२ मिमीची असते, म्हणजे खऱ्या मापात १७ मिमीचा गज. तार दोन्ही बाजूंनी पकडून ओढली की आपोआप सरळ होते. तिकीट खिडकीचे गज तारेचे दिसले की बघणारा खाली वाकून आत बघतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

आता छप्पर. लेआउटवर आपण इमारत वरून बघतो, त्यामुळे भिंतीपेक्षा छप्पर जास्त दिसते, आणि नेमके तिथेच लोक थकलेले असतात. काम उलट करा: आधी छप्पर करा, मग भिंती. मंगलोरी कौल साधारण ४१० गुणिले २३५ मिमीचे, पण एकावर एक चढल्यावर दिसणारा भाग कमी. रिपांचे (कौले ज्यांवर टेकतात त्या आडव्या लाकडी पट्ट्यांचे) अंतर ३२० मिमीच्या आसपास, म्हणजे एचओत ओळीमागे ३.७ मिमी, आडवे अंतर २.४ मिमीच्या जवळ. २० फूट रुंद इमारतीला ३० अंशांचा उतार आणि दोन फुटांची वळचण धरली तर एक पाखे (छपराची एका बाजूची उतरण) साधारण ४८ मिमीचे होते, म्हणजे तेरा ओळी. खऱ्या छपराच्या ओळी फोटोत मोजा आणि तेवढ्याच घाला. ओळी कमी केल्या की कौले मोठी होतात आणि खणांबद्दल घेतलेली सगळी काळजी वाया जाते.

ओळी अशा करा. १६० जीएसएमचा कागद मऊ रबरी मॅटवर ठेवून बोथट सुईने २.४ मिमीवर कौलांच्या उभ्या रेघा दाबा, आणि दोन रेघांच्या मध्ये पन्हळाची आणखी एक, हलकी. मग ५ मिमीच्या पट्ट्या आडव्या कापा. प्रत्येक पट्टीच्या खालच्या कडेला कौलाच्या सांध्यावर कटरच्या टोकाने बारीकशी खाच. दीड मिमीच्या बोर्डाचे पाखे करून त्यावर ३.७ मिमीवर रेघा मारा आणि वळचणीपासून वर आढ्याकडे पट्ट्या चिकटवत जा. उभ्या रेघा सरळ वर जातात की ओळीओळीला अर्ध्या कौलाने सरकतात, ते तुमच्या फोटोत बघून घ्या. पहिल्या ओळीखाली कागदाची एक अरुंद पट्टी ठेवायला विसरू नका, नाहीतर वळचणीची ओळ आडवी झोपते. गोंद पातळ लावा, पट्टी अगदी सपाट दाबू नका. खालच्या कडेला जी सावली पडते तीच कौले दाखवते. कागद असल्यामुळे शेवटी दोन्ही बाजूंनी लॅकर, पावसाळ्याचा धडा इथेही लागू आहे.

कौलांचा रंग एक नसतो. जुनी कौले काळपट-तपकिरी, आढ्याजवळ आणि झाडाखाली शेवाळाने जवळजवळ काळी, आणि मध्येच माकडांनी किंवा वादळाने फोडलेल्या जागी बसवलेली नवी नारिंगी कौले, दोन-तीन एकत्र. नारिंगी ठिगळ विखरून टाकू नका, एका जागी घोळक्याने टाका, कारण फुटतात तीही घोळक्यानेच. एखादे काचेचे कौल हवे तर तेवढ्या जागी कागदाऐवजी ओएचपी शीटचा तुकडा. स्टेशनमास्तरांच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरावर ते फार शोभते. आढ्याला कौलांची रांग चुन्यात बसवलेली असते, तिथे फिकट पांढुरकी रेघ द्या.

प्लॅटफॉर्मवरची शेड पत्र्याची असेल तर पन्हळीचे अंतर खऱ्या पत्र्यात ३ इंचांचे, म्हणजे ०.८७ मिमी. पॅकिंगच्या पन्हळी पुठ्ठ्याची पन्हळ याच्या कितीतरी पट जाड असते, तो वापरूच नका. हार्डवेअरच्या दुकानात एम ५ चा आटे पाडलेला रॉड मिळतो, त्याच्या आट्यांचे अंतर ०.८ मिमी. जेवण पॅक करून देतात त्या ॲल्युमिनियमच्या डब्याचा सपाट तळ रबरी मॅटवर ठेवा आणि त्यावरून रॉड जोराने, एकाच दिशेने लाटा. रेघा किंचित तिरप्या उमटतात, म्हणून पत्रा कापताना डब्याच्या कडेला नव्हे, रेघांना समांतर कापा. खऱ्या पत्र्याच्या लांबीएवढे तुकडे करून, एकावर एक चढवून लावा. अख्खी शेड एकाच तुकड्याची नको. शेडचे खांब बऱ्याच स्टेशनांवर जुन्या रुळांचेच असतात, आणि ते करायला एन गेजच्या रुळाचे तुकडे अगदी योग्य मापाचे पडतात. पुढची लाकडी झालर कार्डमधून कापा. हातानेच कापायची असेल तर आधी टोकांच्या जागी सुईने भोके पाडून घ्या, मग सरळ काप द्या, म्हणजे सगळी टोके सारखी येतात.

पाटीला वेळ द्या, कारण गाव तिथेच कळते. पिवळी पाटी, काळी अक्षरे, महाराष्ट्रात वर मराठी, मग हिंदी आणि इंग्रजी, खाली समुद्रसपाटीपासूनची उंची. मराठी आणि हिंदी नाव सारखेच असले तरी अनेक ठिकाणी दोन्ही ओळी लिहिलेल्या असतात. फोटो बघून तसेच करा. संगणकावरचा साधा फॉन्ट वापरला तर अक्षरांची जाडी चुकते. खऱ्या पाटीचा समोरून काढलेला फोटो सरळ करून, मापाला आणून मॅट कागदावर छापला की पेंटरच्या हाताचे वळण जसेच्या तसे येते. रुळाच्या तुकड्याची टांगलेली घंटा आणि पाण्याचा नळ, एवढे दोन तपशील मी कधी सोडत नाही.

दिव्यांचे फार सांगण्यासारखे नाही. वॉर्म व्हाइट एलईडी, १२ व्होल्टला प्रत्येकी ४.७ किलोओमचा रेझिस्टर, म्हणजे उजेड बेताचा पडतो. सनबोर्डातून उजेड आरपार झिरपतो, तेव्हा भिंती आतून आधी काळ्या आणि वर पांढऱ्या रंगवा. दोन-तीनच खोल्यांत दिवा लावा, सगळ्यांत नको.

लेझरबद्दल. खिडक्यांच्या चौकटी, झालर, कमानींच्या पट्ट्या, कठडे यांना लेझर उत्तम. माउंटबोर्ड, पातळ एमडीएफ किंवा ॲक्रिलिकमध्ये करून घ्या. पण सनबोर्ड लेझरवाल्याकडे नेऊ नका. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, तो माणसाला घातक आणि मशिनलाही गंज चढवतो. जाणकार दुकानदार नाहीच म्हणेल, आणि नवशिक्याला आपण सांगायला हवे. दगडाच्या रेघा लेझरने एमडीएफवर कोरून घेता येतात, तसे मी पाहिलेही आहे, पण सगळ्या रेघा सारख्याच खोल आणि सारख्याच जाड येतात, आणि मग त्या मोडायला हातानेच बसावे लागते. भिंती हाताने, लाकूडकाम लेझरने, अशी वाटणी मला पटते. बांधायला घेण्याआधी कोथरूडचे जोशी यांचे मिनिएचर रेल्वेचे संग्रहालय बघितले नसेल तर एकदा बघून या. ते एचओतच आहे, आणि गाड्या चालू असताना लांबून इमारतीचे नेमके काय दिसते आणि काय दिसत नाही, हे तिथे उभे राहून चांगले समजते.

बसवताना इमारत लेआउटला कायमची चिकटवू नका. खऱ्या इमारतीचे जोते प्लॅटफॉर्मच्या फरशीत रुतलेले असते, म्हणून प्लॅटफॉर्ममध्येच इमारतीच्या मापाचा दोन मिमी खोल खळगा ठेवा आणि इमारत त्यात वरून बसवा. भिंतीखाली फट राहिली की वरचे सगळे काम फुकट. वायरींना खाली एक दोन पिनांचा कनेक्टर द्या. छप्परही सुटे ठेवा, आतल्या बाजूला दोन छोटे लोहचुंबक पुरतात. धूळ झाडायला मऊ मेकअप ब्रश, तोही वळचणीकडून आढ्याकडे नव्हे, आढ्याकडून खाली, नाहीतर कौलांच्या कडा उचकटतात. एप्रिल-मेमध्ये इमारत कुणाला दाखवायला नेणार असाल तर बंद गाडीत उन्हात सोडू नका. पावसाला न बधणारा सनबोर्ड उष्णतेने मात्र वाकतो.